रिकामी बाटली घेतली जाणार नाही

१

आमच्या घराचा जिना तेरा पायऱ्यांचा आहे. लंडनच्या कडेला, पिनरमधल्या आमच्या रस्त्यावर सगळ्याच घरांचे तेवढ्याच पायऱ्यांचे असावेत, पण मोजून चढणारं माणूस एकच, ते आमच्याकडे.

माझ्या नवऱ्याचं नाव माधव. चारचौघांत मी अहो म्हणते, समोर तुम्ही म्हणते. लिहिताना मात्र मी त्याला माधव म्हणणार आहे आणि एकेरी, कारण मनात गेली अडतीस वर्षं मी तेच म्हणत आले. तो जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होता, मी इस्पितळाच्या फार्मसीत. दोघंही निवृत्त. सकाळी साडेसहाला चहा झाला की तो वर अभ्यासिकेत लिहायला जायचा आणि मी खाली कप विसळत जिना ऐकायची. एक, दोन, तीन, चार. मग थांबा.

चौथ्या पायरीवर भिंतीला आमच्या मुलीचा, आश्लेषाचा, पदवीदानाचा फोटो आहे. माधव तिथे उभा राहून फोटोची चौकट सरळ करायचा. धाप लागली म्हणून थांबलो हे बायकोला कळू नये, एवढ्यासाठी तो रोज फोटो सरळ करी. मीही कधी विचारलं नाही की अहो, आपल्या घरात भूकंप होतो का रोज.

फुप्फुसं आतून घट्ट होत जाण्याचा आजार होता त्याला. औषध नाही. स्पेशालिस्टनं दोन वर्षं म्हटलं, फार तर तीन. ते ऐकून माधवनं त्याच्याशी हात मिळवला आणि परतीच्या वाटेवर गाडीत मला भारताच्या फलंदाजीबद्दल सांगत राहिला. ही गोष्ट दोन हजार पाचच्या दिवाळीआधीची. पुढच्या जूनमध्ये ती बाटली आली.

२

माधव पुस्तिका लिहीत होता. विषय, नेरगाव कॅम्पातले जुने दुकानदार. नेरगाव म्हणजे आमचं, करंबेळकरांचं, मूळ गाव, साहेबाच्या काळात तिथे पलटणीची छावणी होती. कोलिंडेलच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या लायब्ररीत बसून त्यानं १८८० सालच्या आसपासच्या जाहिरातींच्या फोटोकॉप्या आणल्या होत्या. एदलजींचा सोडावॉटरचा कारखाना, घोड्यावर बसायच्या विजारी शिवणारा हुसेन टेलर, पाव भाजणारा फर्नांडिस. आणि या सगळ्यांच्या मधोमध, दुकानाच्या दर्शनी काचेत लाल आणि निळ्या पाण्यानं भरलेले काचेचे गोळे मांडून बसलेले मर्चिसन अँड सन, केमिस्ट. त्यांचं लंग बाल्सम हे खोकल्याचं औषध म्हणे पाद्री, मळेवाले आणि मडमा यांच्या छातीवर रामबाण. हे बाल्सम प्रत्यक्षात घोटत होते माधवचे पणजोबा, कंपाउंडर दाजीबा करंबेळकर. नाव साहेबाचं आणि हात दाजीबांचा.

लोकल हिस्टरी सोसायटीत माधवला एक मिस मर्चिसन भेटल्या. वय एक्क्याण्णव, राहायला आमच्यापासून दहा मिनिटांवर. त्याच घराण्यातल्या शेवटच्या. त्यांनी लंग बाल्समची एक बाटली फोटो काढण्यापुरती उसनी दिली. हिरवट काच, अंगावर मर्चिसन आणि नेरगाव अशी उठावाची अक्षरं, आणि उभी चिकटवलेली कागदाची पट्टी. तिला आठ खाचा.

ती पट्टी बघून मला भरून आलं. पुण्यात नाना पेठेतल्या दवाखान्यात मी शिकाऊ होते, तेव्हा दिवसाला पन्नास पट्ट्या कापायची. कागद उभा दुमडायचा, कात्रीनं कडेला कचाकच त्रिकोण उडवायचे, उलगडला की खाचा तयार. एक खाच म्हणजे एक डोस. निरक्षर माणसालाही कळे की आज किती प्यायचं आणि उरलं किती.

माधवचे फोटो काढून झाल्यावर मी बाटली गरम पाण्यानं धुतली. पट्टी ओली झाली पण सुटली नाही. सव्वाशे वर्षांची खळ इतकी पक्की कशी राहिली, याचं नवल वाटलं आणि मी ते कामाच्या नादात विसरले.

मग परत द्यायची वेळ आली आणि मी बाटलीत दोन चमचे साखर घातली.

माधव हसायला लागला. त्या बाईला वाटेल मुंग्यांसाठी पाठवली, म्हणाला.

"रिकामी कशी द्यायची?" मी म्हटलं.

याला काही उत्तर नसतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्या आईनं शिकवलं, तिच्या आईनं तिला. काही नसलं तर चिमूटभर साखर. तेहतीस वर्षं या देशात आहे, पण माझ्या घरातून कुणाचा टपरवेअरचा डबासुद्धा कधी रिकामा गेलेला नाही.

३

मिस मर्चिसननी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि त्यांचं हसू विरलं. त्यांनी विचारलं की आत काय आहे. मी साखर म्हटलं, आमची रीत सांगितली. अशा गोष्टींवर इंग्रज बायका हाऊ लव्हली म्हणतात, त्याच्याच तयारीनं मी बसले होते. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, अंगापासून लांब, आणि म्हणाल्या की त्यांच्या आजीच्या वेळेपासून या घरात ही बाटली कोरडी ठेवलेली आहे. मग त्यांनी विषय बदलला आणि गुलाबांवरच्या किडीबद्दल बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दूध आत घ्यायला दार उघडलं. आमच्याकडे अजून दूधवाला येतो. दुधाच्या दोन बाटल्यांच्या शेजारी तिसरी उभी होती. हिरवट. आठव्या खाचेपर्यंत भरलेली, काळसर तपकिरी, वर बूच.

माझा पहिला विचार असा की म्हातारीनं साखरेची परतफेड केली. असेल घरगुती काही, एल्डरबेरीच्या फळांचं सरबत वगैरे. पण पट्टी नवी होती. पांढरीशुभ्र, खळ अजून ओली. तिच्याखाली एक छोटं लेबल होतं आणि त्यावर बोरूनं काढल्यासारख्या अक्षरांत मराठीत लिहिलं होतं, चि. माधव यांस.

मी पायरीवर उभी राहून ते तीनदा वाचलं. चि. माधव. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला चिरंजीव म्हणणारं आता कोण उरलंय?

मी मिस मर्चिसनना फोन केला. त्या म्हणाल्या की त्यांनी काही पाठवलेलं नाही. बाटली त्यांनी खिडकीत ठेवली होती, सकाळी ती तिथे नव्हती. आवाज शांत होता. सॉरी म्हणाल्या, दोनदा, आणि फोन ठेवून दिला.

४

माझा संशय अर्थातच माधववर. या माणसानं एकदा माझ्या वाढदिवसाला इन्कम टॅक्सच्या नावानं पत्र पाठवून मला रडवलं होतं. त्यानं शपथ घेतली की हे त्याचं काम नाही. बूच उघडून वास घेतला, मीही घेतला. ज्येष्ठमध, कापूर, आणि खाली काहीतरी ओळखीचं, पावसात दप्तर भिजल्यावर येतो तसा वास. मी सांगितलं की हे कुणी प्यायचं नाही. बाटली फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी औषध सातव्या खाचेवर होतं.

मी अहो अशी हाक मारली, आणि ती कशासाठी हे कळावं इतपत जोरात. तो म्हणाला की हातसुद्धा लावलेला नाही. भांडणात त्याला दम लागला नाही हे दोघांच्याही लक्षात यायला थोडा वेळ गेला. मग तो वर गेला. चार, पाच, सहा. सहाव्या पायरीवर थांबला, आणि तिथे भिंत मोकळी असल्यामुळे नुसताच उभा राहिला.

मी त्या दिवशी बुचावर चिकटपट्टी गुंडाळली, वर सही केली, जशी आम्ही विषारी औषधांच्या कपाटाला करायचो. सकाळी चिकटपट्टी जशीच्या तशी, सही जशीच्या तशी, आणि औषध सहाव्या खाचेवर. मी स्वतःला सांगितलं, बाष्पीभवन. जूनमध्ये उकाडा होता खरा. पण बाष्पीभवन खाचेला खाच लावून थांबत नाही, हे फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं.

पाचव्या दिवशी तो तेरा पायऱ्या न थांबता चढला. मग त्यानं वरून हाक मारली.

"सुप्रभा, ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. मी खाली ओल्या हातांनी सिंकला धरून उभी होते आणि रडत होते. पी हळद आणि हो गोरी असं कुठे असतं का, हे मला कळत होतं. तरी रडत होते, आणि ते आनंदाचं होतं.

५

त्याच आठवड्यात चहा बिघडला.

आधी वाटलं, साखर घालायची राहिली. मग पुडा बदलला, मग दुकान बदललं. वेम्बलीच्या देशी दुकानातून गूळ आणला. शिरा केला, तो नुसता तुपकट लागला. पिकलेला हापूस कापला तर तो काकडीसारखा पाणचट. माधवचंही तेच. मी कारणं काढत बसले. वय झालं की चव जाते, जस्त कमी पडलं तर जाते, काही गोळ्यांनी जाते. मला सव्वीस कारणं माहीत आहेत. नवराबायकोची एकाच सकाळी आणि फक्त गोडाचीच जाते, असं त्यात एकही नाही.

रविवारी आश्लेषा ब्रॅकनेलहून आली. ती तिथे कॉम्प्युटर कंपनीत आहे. बाबांना बागेत पाणी घालताना बघून ती दारातच थांबली. मग आत येऊन तिनं माझा चहा एक घोट प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, हे चहा किती गोड केलंस? सीरियसली, मी नाही पिऊ शकत हे."

माधवनं आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही.

ती गेल्यावर माधव त्याची जाहिरातींची फाइल घेऊन खाली आला. लंग बाल्समच्या जाहिरातीची खालची ओळ फोटोकॉपीत अर्धवट उमटली होती. ती त्यानं भिंगाखाली वाचली होती आणि मला मराठीत सांगितली. बाटल्या परत कराव्यात, रिकामी बाटली घेतली जाणार नाही. बाकी सगळी जाहिरात साहेबाची, म्हणाला, ही ओळ मात्र आमच्या पणजोबांची दिसते. आपण ती बाटली रिकामी दिली नाही.

मी म्हटलं, योगायोग. तो बरं म्हणाला. माझा नवरा बरं म्हणतो तेव्हा त्याला पटलेलं नसतं. मग त्यानं बिनगोडाचा चहा मुकाट प्यायला आणि तेरा पायऱ्या चढून गेला. खरं सांगायचं तर मी मनात म्हटलं की साखर गेली तर गेली. स्वस्तात सुटलो.

६

नवव्या सकाळी बाटली कोरडी होती. दहाव्या सकाळी माधव आठव्या पायरीवर थांबला, अकराव्या सकाळी पाचव्या. तेराव्या सकाळी तो फोटोपर्यंतही पोचला नाही. तिसऱ्या पायरीवर बसला आणि मी गेले तेव्हा म्हणाला की जरा बूट बांधत होतो. पायात सपाता होत्या.

गरज सरो, वैद्य मरो, अशी म्हण आहे आपल्यात. इथे वैद्य आधीच मेलेला होता आणि गरज काही सरत नव्हती.

मी मिस मर्चिसनकडे गेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, सरळ विचारलं की तुमच्या आजीनं बाटलीत काय घातलं होतं. त्यांनी उठून कपाटातून एक फोटो काढला. नेरगावच्या बंगल्याचा व्हरांडा, खुर्चीत त्यांची आजी, दोन्ही बाजूंना दोन मुलगे, आणि मध्ये आजीच्या गुडघ्याला टेकून उभी एक सहा-सात वर्षांची मुलगी. मान कललेली, हातात टोपी.

"मुलगे म्हणजे माझे वडील आणि काका," त्या म्हणाल्या. "ही कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. आजीलाही नव्हतं. ती या फोटोकडे तासन्‌तास बघायची. तिला एवढंच आठवायचं की कुणाच्या तरी केसांची बट तिनं प्रेमानं बाटलीत घातली होती. आणि तिचा खोकला छान बरा झाला होता."

मी घरी चालत आले. ऊन लख्ख होतं, मुलं क्रिकेट खेळत होती, आणि मला आश्लेषाच्या पहिल्या जावळाचा पुडा देवघराच्या खणात आहे हे सारखं आठवत होतं. घरी गेल्यावर मी तो पुडा काढला, उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि आश्लेषाला फोन करून सांगितलं की तुझी एक वस्तू पोस्टानं पाठवतेय, जपून ठेव, इथे ठेवायची नाही. तिनं का विचारलं. मी आवराआवर म्हटलं.

माधवनं त्या दिवशी मला समोर बसवलं. बाटली तशीच बाहेर ठेव, म्हणाला, रिकामी. संबंध संपला. दोन वर्षं सांगितली होती, त्यातलं उरलेलं सव्वा वर्ष तरी चांगलं जाईल. बोलताना तो दर चार शब्दांना थांबत होता. मी बरं म्हटलं. बरं म्हणणं मी त्याच्याकडूनच शिकले.

तो झोपायला गेल्यावर मी बाटली हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले. काय द्यावं? तांदूळ दिले तर भात जाईल. हळदकुंकू मी हातात घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. माणसाचं काही द्यायचं नाही, हे नक्की. पण मी माणूस थोडीच, मी बायको. आणि हवं काय होतं आम्हाला? श्वास. तो माझ्याकडे भरपूर होता. अडतीस वर्षं मी या माणसाशी भांडले, तेही न थांबता.

मी बाटली ओठांशी धरली, आत एक लांब फुंकर घातली आणि बूच लावलं. मग दुधाच्या रिकाम्या बाटल्यांच्या शेजारी ती पायरीवर ठेवली.

७

मला झोप लागली नाही. साडेचारला उजाडलं तशी मी खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. समोर दार. दाराची वरची अर्धी काच खडबडीत आहे, पलीकडचं माणूस नुसतं रंगांचे ठिपके होऊन दिसतं.

पाचच्या सुमारास कुणीतरी फाटकाशिवाय आत आलं. म्हणजे आमचं फाटक कुरकुरतं, ते कुरकुरलं नाही, आणि पायरीवर कुणीतरी होतं. काळपट लांब कोट असावा. डोक्यावर काहीतरी लाल, गोल, गुंडाळलेलं. ते वाकलं, उभं राहिलं, आणि एक हात वर गेला. उजेडात बाटली धरून पातळी बघताना कंपाउंडर धरतात तसा. मान डावीकडे किंचित कलली.

तशी मान माधव कलवतो. थर्मामीटर वाचताना, माझा चष्मा पुसताना, नेहमी डावीकडे. क्षणभर मला वाटलं की हाच बाहेर गेला की काय, आणि तेवढ्यात वरून त्याच्या खोकल्याचा आवाज आला.

मग मला कात्री ऐकू आली. सावकाश, सराईत, हात न थांबता. कच, कच, कच. मी सवयीनं मोजलं. आठ.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली दुसरं काही होतं, ते लपवणार नाही. पणतवासाठी समुद्र ओलांडून कुणी दारात आलंय, आणि आपण आत या म्हणत नाही, पाणीसुद्धा विचारत नाही, याची मला लाज वाटत होती. ‘या’ हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. तो मी कसा गिळला, मलाच माहीत. काचेपलीकडचं डोकं वळलं आणि माझ्या दिशेनं स्थिर राहिलं, जणू तो शब्द ऐकायलाच थांबलं होतं.

मग पायरी रिकामी झाली. मी दार उघडलं तेव्हा बाटली भरलेली होती. चि. माधव यांस.

८

जुलैचे ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. माधवनं पुस्तिका पुरी केली. आम्ही पार्कमध्ये चालायला गेलो, तो पुढे आणि मी मागे. तो मागे वळून मला चिडवायचा की फार्मसीवाल्या बाईंचं वजन वाढलं. मी हो म्हणायची, कारण दुसरं काही म्हणायला छातीत जागा नसे.

मी रोज कपडे वर न्यायची. चार पायऱ्या, मग थांबा. पाचव्या दिवशी मी चौथ्या पायरीवर उभी होते आणि श्वास परत येईपर्यंत आश्लेषाच्या फोटोची चौकट सरळ करत होते. मागे वळले तर माधव खाली उभा होता. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपली लबाडी दुसऱ्याच्या हातात बघितल्यावर माणसाचा होतो तसा.

"काय घातलंस तू त्यात?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तो ओरडला नाही. जिना चढून आला, सहज आला, आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. त्यानं माझा हात हातात घेऊन नाडी बघितली. त्याला काही बोलायचं नसलं की तो नाडी बघतो.

मी त्याला सांगितलं की या वेळी ठेवा रिकामी, माझ्यासाठी ठेवा, मी आधी ठीकच होते, परत होईन. त्यानं मान डोलावली. आठवा डोस संपला त्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर तो ओट्याशी पाठमोरा उभा होता. बाटली ओठांशी धरलेली. त्यानं बूच लावलं आणि वळला. मला बघून ओशाळला, लहानपणी साखर चोरताना सापडला असेल तसा.

"रिकामी कशी द्यायची?" तो म्हणाला.

याला काही उत्तर नसतं.

दुसऱ्या दिवशी पायरीवरच्या बाटलीवर लिहिलं होतं, चि. सौ. सुप्रभा हीस. मला सून म्हणून कुणी इतक्या मायेनं कधी लिहिलं नव्हतं. पट्टीवर खाचा सात होत्या. मी पुन्हा मोजल्या. माझं काम होतं ते, माझ्या हातून मोजणीत चूक होत नाही. आणि औषध सातव्या खाचेपर्यंतच होतं.

माधवनं ती मान डावीकडे कलवून बघितली आणि म्हणाला की कंपाउंडरनं स्वतःचा डोस काढून घेतला असेल. पूर्वी पगार कमी असायचे बिचाऱ्यांना. आम्ही दोघं हसलो. खूप हसलो, आणि त्याला खोकला आला.

९

आज माझा सातवा डोस संपला. मी तेरा पायऱ्या दोनदा चढले, कपडे ठेवले, खाली आले. बाटली धुतली. पट्टी ओली झाली पण सुटली नाही.

माधवची आणि माझी बोली झाली आहे की आज मी ही रिकामी ठेवणार. तीनदा वचन घेतलं त्यानं. मी बरं म्हटलं.

उद्या सहा खाचा असतील, मग पाच. पुढची वजाबाकी मी करत नाही. दारापलीकडे कात्री घेऊन उभा असलेला माणूस ती माझ्यापेक्षा चांगली करतो, आणि शेवटी तो आत या म्हणण्याची वाट बघत असेल, असंही मला हल्ली वाटतं. त्या दिवशी मी चहा टाकेन. गोड लागो न लागो.

माधव आत्ताच वर निघाला. मी ऐकते आहे. एक, दोन, तीन, चार. मग भिंतीवर चौकट सरळ केल्याचा बारीक आवाज आला.

मी बूच काढलं.